पूर्वेकडचे दार

बारा घरटी बांधून तयार होती. पण त्यांत राहायला एकही पेंग्विन येत नव्हता.

सन २०६३. गॅलापागोस द्वीपसमूहातील एका बेटाच्या किनाऱ्यावर इरावती आजोबांबरोबर उभी होती. आजोबा, म्हणजे वसंतराव खानोलकर, हे निवृत्त स्थापत्य अभियंते. पेंग्विनसंवर्धन केंद्राने त्यांना घरटी रचण्यासाठी बोलावले होते. सोबत सहा पायांचा यंत्रमानव होता. तो तिरका चाले, म्हणून इरावतीने त्याला ‘खेकडा’ हे नाव दिले होते.

“या जोडीची कपार भरतीने ढासळली,” खेकडा समोरच्या दोन पक्ष्यांकडे वळून म्हणाला. “मादी आठवडाभरात अंडी घालील. उघड्यावर घातली, तर उन्हाने वाया जातील.”

“पण आजोबा, विषुववृत्तावर हे पक्षी राहतात तरी कसे?”

“समुद्रामुळे. इथे खोलातले थंड पाणी वर येते (याला उद्‌गमन म्हणतात). त्याबरोबर मासेही मिळतात. अडचण जमिनीवर आहे. अंडी उबवायला नर-मादी आळीपाळीने सुमारे चाळीस दिवस बसतात. घरटे फार तापले, तर बसलेला पक्षी उठून पाण्यात जातो आणि अंडी तशीच राहतात. जगात हे पक्षी दोन हजारही उरलेले नाहीत, बाळ.”

“मग त्यांना आपली घरटी का नकोत?”

“तेच कळत नाही. लाव्हाचेच दगड वापरले. आराखड्याबाहेर एक दगड ठेवला नाही मी.”

“म्हणूनच बाराही सारखीच चुकली असतील,” खेकडा म्हणाला.

इरावती खुदकन हसली. “आजोबा, हा तुम्हाला टोमणा मारतोय!”

“टोमणे नकोत. मोजमाप कर म्हणावं त्याला.”

खेकड्याने एक तापमापक नैसर्गिक कपारीत ठेवला, दुसरा घरट्यात. सकाळी नऊ वाजता कपारीत सव्वीस अंश होते, घरट्यात सदतीस.

इरावती पोटावर पडून घरट्यात डोकावली. मागच्या भिंतीवर लख्ख ऊन पडले होते.

“आजोबा, दार पूर्वेकडे का ठेवलंत?”

“का म्हणजे? घराचं दार पूर्वेलाच...” आजोबा थांबले. मग हळूच म्हणाले, “आपल्या घराचं. यांच्या नव्हे.”

त्यांनी वाळूत काठीने आकृती काढली. “विषुववृत्तावर सूर्य वर्षभर पूर्वेच्या आसपासच उगवतो. सकाळचे तिरपे किरण थेट दारातून आत शिरतात. दुपारी सूर्य डोक्यावर असतो, तेव्हा छप्पर ऊन अडवते. पश्चिमेला दार केले, तर तोच त्रास संध्याकाळी. उरल्या उत्तर आणि दक्षिण. उत्तरेला इथे उंच कडा आहे, तिकडून पक्ष्यांना आत-बाहेर करता येणार नाही.”

“म्हणजे दक्षिणेला दार?”

“दक्षिणेला! तुझ्या आजीने असल्या घरात पाऊल ठेवले नसते.”

“आजी अंडी घालणार नव्हती,” खेकडा म्हणाला, आणि आजोबांनाही हसू आवरले नाही.

जोडीच्या सर्वांत जवळचे घरटे त्यांनी आधी उकलले आणि दार दक्षिणेला फिरवून पुन्हा रचले. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता आत सत्तावीस अंश होते. तरीही दोन दिवस कोणी फिरकले नाही. आजोबा दुर्बीण खाली ठेवीनात.

तिसऱ्या दिवशी नर चोचीत एक वाळके पान घेऊन आत गेला. त्याच्या मागोमाग मादी गेली.

आठवड्याच्या शेवटी नर समुद्रातून परतला. पाळी बदलण्यासाठी मादी उठली. त्या क्षणात इरावतीला आत पांढरे अंडे दिसले.

“एक आहे!” ती कुजबुजली.

“दुसरे चार दिवसांत येईल,” आजोबा म्हणाले आणि दगड उचलायला वळले. अजून अकरा दारे फिरवायची होती.