घोटभर अ‍ॅसिड

जेवायच्या सुट्टीआधी एवढं एक काम उरकू, म्हणून स्लाइडवाल्या बाई तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या खोलीत शिरल्या. इस्पितळात त्यांना सगळे असंच म्हणत. मेलेल्या माणसाच्या अवयवांचे तुकडे मेणात बसवायचे, कागदाहून पातळ कापायचे, रंगवून काचेवर चिकटवायचे. मग तो माणूस कशाने गेला ते बाई मायक्रोस्कोपातून पाहून सांगायच्या.

आजचा माणूस रंगाच्या कारखान्यातला होता. पंप बिघडला, म्हणून त्याला नळी तोंडात धरून पिंपातलं अ‍ॅसिड ओढायला लावलं होतं. पंप दुरुस्त होईपर्यंत काम थांबलं नाही पाहिजे ना! आता कारखाना म्हणत होता, त्यानेच ग्लास भरून प्यायलं. निर्लज्जपणाला काही सुमार असतो, तो इथे केव्हाच ओलांडला होता. बाहेर बाकावर त्याची बहीण बसली होती. आत्महत्या ठरली की तिचा भाऊ भेकड ठरणार होता, आणि तीच नळी उद्या दुसऱ्याच्या तोंडात जाणार होती.

उत्तर जठरात होतं. जठर वाकलेली पिशवी; तिची एक कड आखूड, दुसरी लांब. चुकून गिळलेला घोट अन्ननलिकेतून उतरतो आणि जठराच्या आखूड कडेने ओघळून निघून जातो. लांब कड शाबूत राहते. ग्लासभर प्यायलं तर आतल्या सगळ्याच घड्या करपतात. बाईंनी लांब कडेची काच लावली. गुलाबी-जांभळ्या ग्रंथी, परीक्षानळ्या उभ्या रचाव्यात तशा ओळीने. एकही जळालेली नाही.

"ग्लास ना?" दारातून विभागाचे मोठे साहेब म्हणाले.

"घोट, साहेब. फक्त घोट."

"तुमची नजर फार बारीक, बाई. जरा मोठी करा." त्यांनी विद्यार्थ्यांच्या कपाटातून एक जुनी काच काढली. कुण्या अ‍ॅसिड प्यायलेल्याचं जठर, पार कोळसा झालेलं. तिच्यावरची चिठ्ठी नखाने खरवडून त्यांनी कामगाराचा नंबर डकवला. "ही पाहा. आता लिहा."

"मी नाही लिहिणार."

"मग मी लिहितो. तो काय तक्रार करायला येतोय?"

साहेब स्वतःशीच हसत शेजारच्या खोलीत गेले. बहिणीला आत बोलावल्याचं ऐकू आलं. निदान हा खोटेपणा डोळ्यांनी पाहून ठेवू, म्हणून त्यांनी ती जुनी काच मायक्रोस्कोपाखाली सरकवली.

काळंच होतं सगळं. मग काळ्यातून एक ग्रंथी वर आली... गुलाबी. तिच्या शेजारी दुसरी. राख झटकल्यासारखं अस्तर साफ होत गेलं. खोलीत आंबट, नाक चिरणारा वास पसरला. बाईंनी काच खाली सरकवली, स्नायूंच्या थरापर्यंत. थर हलत होता.

जिवंत आतड्यात, जठरात अन्न पुढे ढकलणारी स्नायूंची लाट गळ्याकडून खाली जाते. गळ्याकडच्या टोकाला शाईचा ठिपका करायची इथली पद्धत होती. लाट त्या ठिपक्याकडे चालली होती. वर. हळूहळू, पण थांबत नव्हती.

बाई उठल्या आणि शेजारच्या खोलीत गेल्या.

"...हे बघ ताई, तपासणीत स्पष्ट आलंय. तुझ्या भावाने स्वतःच..." साहेब थांबले. त्यांनी आवंढा गिळला. तो खाली गेला नाही.

"स्वतःच काय, साहेब?" बहिणीने विचारलं.

"स्वतः..."

त्यांनी रुमाल तोंडाशी धरला. छातीतून एक आवाज आला, रिकाम्या नळीतून उरलंसुरलं ओढल्यासारखा. रुमाल बाजूला झाला तेव्हा त्याच्या मधोमध भोक होतं, आणि त्याची तपकिरी कड पसरत चालली होती.

"बोला की," बहीण शांतपणे म्हणाली. "तोही शेवटी असाच अर्ध्यात अडकत होता."

साहेबांनी मान हलवली. नाही, नाही, नाही. बाईंनी त्यांच्यापुढचा कागद ओढून फाडला आणि कोऱ्यावर लिहिलं: एकच घोट, नळीने ओढताना चुकून गिळलेला. खाली सही ठोकली. बहिणीने तो कागद दोनदा वाचला आणि पदराखाली धरून निघून गेली. तिला अडवायला साहेबांच्या तोंडून शब्द फुटेना.

संध्याकाळी साहेबांच्या घशात नळीची दुर्बीण घातली. अन्ननलिका साफ, जठर साफ, कुठे लालीसुद्धा नाही. दुर्बीणवाला डॉक्टर मात्र जिन्यात बाईंना गाठून उभा राहिला. हात धुतलेले होते, तरी पुसतच होता.

"बाई, नळी आत ढकलावी लागते... नेहमी. जोर लावून."

"मग?"

"यांना ढकलावी लागली नाही." त्याने आवाज आणखी खाली आणला. "मी सोडली होती हातातली. आतून कुणीतरी... ओढत होतं."