चैतराममामाचा डावा पाय

ही गोष्ट घडलेली आहे. ज्यांना थापा वाटतील त्यांनी खुशाल इथंच सोडून द्यावी, आपलं काही म्हणणं नाही.

रेणू माझी मावसबहीण. मूळ गाव कामठा, नोकरी देवरीकडच्या एका दवाखान्यात, नर्सची. दवाखान्याचं नाव सांगणार नाही. तिनं हे मला स्वतःच्या तोंडानं सांगितलं.

गेल्या नोव्हेंबरातला मंगळवार. दुपारचे दोन. भुतं रात्रीच येतात असं कोणी सांगितलं?

धानाची कापणी जोरात होती, त्यामुळे पुरुषांचा वॉर्ड जवळपास रिकामा. लाईट गेलेली. पंखे बंद.

सहा नंबरच्या खाटेवर चैतराम. साठी ओलांडलेला शेतकरी. पायाच्या नसा अरुंद झालेल्या, डाव्या अंगठ्याला जखम. शिवाय डोक्याच्या गोळ्या चालू. बायको शामकला आठ महिन्यांपूर्वी वारली, तेव्हापासून माणूस भिंतीशी बोलायचा.

रेणूचं काम रोजचंच. पावलावर दोन बोटं ठेवायची, पूर्ण मिनिटभर नाडी बघायची, वेळ टाकून कागदावर लिहायचं. मग झोप, भूक, मन कसं आहे ते विचारायचं.

ती वाकली, तसा म्हाताऱ्यानं पाय ओढून घेतला.

"पायाले हात नोको लावू माय. तुही माय आमच्या गावची लेक. माही भाची झाली तू. भाचीच्या पाया मामानं पडाव लागते. भाचीनं मामाचे पाय धरले त पाप लागते मले."

आमच्याकडे हे मानतात. रेणूही मानते. "बरं मामा," म्हणून ती हसली, आणि लिहून मोकळी झाली...

दोन वाजता, दोन्ही पायांची नाडी लागते.

हात न लावता.

"झोप येते का मामा?"

"कशी येईन? शामकला पायथ्याशी बसून राहते ना. सकाळपासून म्हनून राहिली, पाय गार पडला, दाखवा कोनाले."

रेणूनं तेही लिहिलं. मेलेली बायको दिसते, भास होतात. पाय काही बघितला नाही.

अडीचला तिनं सहज मागं वळून पाहिलं...

चादर गुडघ्यापर्यंत वर गेलेली. दोन्ही पावलं उघडी. तिनं पांघरूण घातलं.

तीन वाजता... पुन्हा उघडी.

"मामा, चादर काऊन काढता?"

"मी कायले काढू? शामकलाच काढून राहिली."

म्हाताऱ्याचे दोन्ही हात छातीवर होते. खिडकीबाहेर पानसुद्धा हलत नव्हतं.

सव्वातीनला खाट करकरली. गादीचा पायथ्याकडचा भाग हळूच खाली दबला... कोणी बसावं तसा.

तिथं कोणी नव्हतं.

रेणूची पाचावर धारण बसली. तरी पेशंट तिचा. ती पुढं गेली, चादर ओढायला हात घातला...

कोणीतरी तिचं मनगट धरलं.

गार हात. रोवणी-कापणी करून खरखरीत झालेला, बाईमाणसाचा. त्यानं तिची दोन बोटं डाव्या पावलावर नेली. नेमकी नाडीच्या जागी. आणि दाबून धरली.

पूर्ण एक मिनिट.

बोटांखाली काहीच नव्हतं. पाय माठासारखा थंड, पोटरीपर्यंत निळा.

मग एकच धावपळ. डॉक्टर आले, गाडी आली, मुलगा धर्मेंद्र शेतातून तसाच चिखलाच्या पायांनी आला. चैतरामला नागपूरला नेलं.

साडेसातला तिथल्या डॉक्टरांचा फोन आला. रेणू अजून वॉर्डातच होती.

"सिस्टर, पेशंट म्हणतो पाय सकाळपासून गार आहे. पण त्याला भास होतात असं तुम्हीच लिहिलंय. दोन वाजता नाडी होती हेही तुम्हीच लिहिलंय. मी कोणाचं धरू?"

रेणूनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"दोनला होती, तर अजून वेळ आहे. रक्ताची गाठ काढतो, पाय वाचेल. पण सकाळपासून बंद असेल तर पाय कापावाच लागेल. मेलेल्या पायात रक्त सोडलं तर त्यातलं विष अंगभर जाईल, माणूस हाती लागणार नाही. खरं सांगा, होती?"

आपली नोकरी जाईल. त्या घटकेला तिच्या डोक्यात एवढंच आलं. याची लाज तिला आजही वाटते.

"होती सर."

फोन ठेवला, आणि मागं सहा नंबरची रिकामी खाट करकरली... कोणीतरी उठून गेल्यासारखी.

चैतराम दुसऱ्या दिवशी पहाटे गेला. पाय कापला नव्हता.

दवाखान्यात कोणी काही विचारलं नाही. उलट रेणूनंच वेळेवर ओळखलं म्हणून नाव झालं. धर्मेंद्र तर तिला ताई म्हणतो, अधूनमधून फोन करून खुशाली विचारतो.

मागच्या आठवड्यात त्याचा असाच फोन आला.

"ताई, माय सपनात येऊन राहिली. रोज. रडत नाही, भांडत नाही. एकच गोष्ट म्हनते."

"काय?"

"रेणूले इचार, म्हनते, हात किती वाजता लावला. मले त काई समजलं नाही. तुमाले समजते काय?"

रेणूनं फोन कापला.

तो भोळा माणूस. त्याला वाटलं रेंज गेली. नंतर निरोप पाठवला की रविवारी देवरीला कामानं येतो, तेव्हा भेटूनच विचारतो.

उद्या रविवार आहे, आणि मी देवरीला रेणूच्याच घरी आहे. काय सांगू, असं रेणू मला सकाळपासून तीनदा विचारून गेली.  ती आत्ता आतल्या खोलीत एकटीच आहे... आणि कोणाशी तरी हळू आवाजात बोलते आहे.