उजवी बाजू वर

मला वाटलं होतं, जपानमधल्या हिदाच्या डोंगरातली ती दोन दिवसांची सहल म्हणजे जुनी लाकडी घरं, गरम पाण्याचा झरा आणि वहीभर टिपणं. किल्लारीच्या भूकंपानंतर मी जपानला भूकंपात टिकणारी घरं बांधायचं शिकायला गेले, ते आपल्याकडे पुन्हा कुणी झोपेत गाडलं जाऊ नये या एकाच ध्यासाने. सहलीत प्रत्यक्षात दिसलं ते पावसाने काळं पडलेलं गाव, बंद दारं, आणि धुराचा, कुजक्या गवताचा वास.

शहाण्णव सालची दिवाळी होती. बार्शीहून भावाचं पत्र आलं होतं, ‘आईला चार पावलं चालली तरी दम लागतो. सारखं तुझं नाव काढते. येऊन जा.’ मी उलट लिहिलं, प्रयोग अर्धवट आहेत, मार्चमध्ये येते. पत्र टाकल्यापासून मन थाऱ्यावर नव्हतं. म्हणूनच वसतिगृहातली माझी मैत्रीण जयंती मला ओढून इथे घेऊन आली होती.

संध्याकाळी पाचलाच अंधारलं. सराईतल्या आमच्या खोलीत युकाता ठेवले होते, पाहुण्यांनी घालायचे सुती झगे. बटणं नाहीत, दोन्ही बाजू एकीवर एक घ्यायच्या आणि पट्टा बांधायचा. माझे हात सवयीने चालले. पदर उजव्या काखेखालून येऊन डाव्या खांद्यावर जातो ना, तशी मी उजवी बाजू वर घेतली.

“वा, सुमेधाताई! आता इथलंच सासर बघा,” टॉवेल घेऊन न्हाणीघराकडे जाताना जयंती हसली.

मी जेवणाची खोली शोधत निघाले. पायाखाली लाकूड कुरकुरत होतं. टोकाच्या खोलीत निखाऱ्यांपाशी एक म्हातारी बसली होती, समोर जेवणाचं ताट. तिने मान वर केली.

“ओकाएरी,” ती म्हणाली. घरी परतलेल्या आपल्या माणसाला म्हणतात तसं.

“आजी, मी पाहुणी...”

“किती उशीर केलास, युकी.” तिने माझा हात धरला. “तिकडे... थंडी असते का गं?”

तिचे डोळे बघून मी हात तसाच राहू दिला. घटकाभर कुणाची लेक व्हायला काय जातं, असं वाटलं.

“नाही, आई. थंडी नसते.”

ती आवाज न करता रडली. मग तिची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली.

“या कोण? त्यांना आत बोलाव की... दम लागलाय त्यांना.”

मी वळले. मागे रिकामी, ओलसर पडवी.

“कुणी नाही, आई...”

“त्यांनीही तुझ्यासारखी उजवी बाजू वर घेतलीय. लांबच लांब कापड... टोक डाव्या खांद्यावरून सोडलंय. तुझ्याकडेच बघतायत.”

तिने आपलं ताट माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेसमोर सरकवलं, आणि हात मांडीवर ठेवून बसली.

तेवढ्यात तिची सून, सराईची मालकीण, आली. मला पाहताच दचकली. तिने माझा पट्टा सोडला, डावी बाजू वर घेऊन पुन्हा बांधला.

“उजवी वर फक्त मेलेल्या माणसाची घेतात,” ती हळूच म्हणाली. “माझी नणंद बारा वर्षांपूर्वी गेली. सासूबाईंना हल्ली नीट उमगत नाही. त्यांना वाटलं, तीच आली.”

“त्यांनी... कधी साडी पाहिलीय?”

“साडी? ते काय असतं?” सुनेने विचारलं.

मी ताटाकडे पाहिलं. भाताची वाटी भरलेली होती, जेवायच्या काड्या जागच्या जागी. पण ताटाबाहेर लाकडावर भाताचा एक छोटा घास काढून ठेवला होता, बोटांनी गोल केलेला. आई जेवायला बसली की आधी गाईसाठी काढते तसा. म्हातारीचे हात अजून मांडीवरच होते.

रात्रभर मी जयंतीला बिलगून जागी होते. सकाळी स्टेशनवर तिने फोनचं कार्ड माझ्या हातात कोंबलं.

“इथून परदेशी फोन लागतो. विचार एकदा, म्हणजे सुटशील.”

“नको.”

“वेडी आहेस का गं? नुसतं कशी आहेस एवढं विचार!”

मी कार्ड तिला परत दिलं. मिळेल त्या विमानाने घरी जायचं मी ठरवलं होतं. प्रयोग, शिष्यवृत्ती, काय व्हायचं ते होवो. पण उंबऱ्यात उभी राहीपर्यंत कुणालाही काही विचारायचं नव्हतं. तोपर्यंत बार्शीत आई होतीच.