रिकामा ट्रे

दिग्विजय सहसा कुणाच्या घरी जाऊन लॅपटॉप उघडत नसे. सोलापूरच्या नव्या पेठेतल्या त्याच्या दुकानात उजेड असायचा, हत्यारं हाताशी असायची आणि गिऱ्हाईक डोक्यावर उभं नसायचं. पण रेवणप्पांनी फोनवर अशी काही गळ घातली, की त्याला नाही म्हणवेना.

"मशीन घराबाहेर न्यायला आमची बायकू देतच न्हाय बघा. आत चकती अडकलीया. तेवढी काढून द्या, लई उपकार हुतील."

वैशाखातली दुपार कलली होती, तरी अक्कलकोट रोडवरचं डांबर अजून मऊच होतं. गल्लीच्या टोकाला रेवणप्पांचं घर. उन्हासाठी खिडक्या लावलेल्या असणार असं त्याला वाटलं; पण आत गेल्यावर कळलं, त्या बऱ्याच दिवसांत उघडल्याच नव्हत्या. विभूतीचा वास होता आणि त्याखाली दुसराच एक, बंद पडलेल्या विहिरीत डोकावल्यावर येतो तसा गार, जुनाट.

रेवणप्पांचं पूर्वी भुसाराचं दुकान होतं. चारेक वर्षांपूर्वी टेंभुर्णीजवळ रस्त्यावर त्यांचा एकुलता एक मुलगा गेला, शिवपुत्र, आणि त्यांनी दुकानाला कुलूप लावलं ते कायमचंच. लॅपटॉप त्याचाच. टेबलावर, धुतलेल्या टॉवेलवर ठेवलेला. समोर दिवाणावर त्यांची बायको सुंदरम्मा बसल्या होत्या. खुंटीला अडकवावं तसं लुगडं त्यांच्या अंगावर लोंबत होतं.

"चकतीवर त्याच्या साखरपुड्याची शूटिंग हाय," रेवणप्पा हलक्या आवाजात सांगू लागले. "लग्नाआधीच गेला पोरगा. आता रोज दिवेलागणीला ह्ये यंत्र आपसूक घुरघुरतंय. चित्र लागतंय. त्यात तो पंगतीला बसून आईला हाक मारतोय. ही समोर बसून ऐकती... आणि घरात घासभर खात न्हाय. म्हणती, मी तिकडंच जेवले."

दिग्विजयनं मान हलवली. म्हाताऱ्या माणसांच्या घरात यंत्रांबद्दल अशा गोष्टी त्याने पुष्कळ ऐकल्या होत्या. ड्राइव्ह जुना झाला, की तो मधेच फिरू लागतो, त्यात नवल ते काय!

रेवणप्पा पाणी आणायला आत गेले, तशा सुंदरम्मा पुढे वाकल्या.

"काढू नगंस, बाळा," त्या कुजबुजल्या. "नीट चालंल असं कर. मधीच आवाज तुटतोय त्याचा."

त्याने लॅपटॉप जवळ ओढला.

बॅटरी केव्हाच मेलेली. चार्जर लावल्यावर पडदा उजळला. ड्राइव्हचं बटण दाबलं, ट्रे हलला नाही. आत काहीतरी फिरत मात्र होतं, एका बाजूला जड असल्यासारखं, थरथरत. पडद्यावर डिस्कचं नावही आलं होतं, साखरपुडा. त्याने नेहमीचा उपाय केला. कागदाची पिन सरळ करून बारीक भोकात घातली आणि हलकेच दाबली. आवाज थांबला. ट्रे बोटभर पुढे आला, मग त्याने तो ओढून घेतला.

ट्रे रिकामा होता.

फक्त चकती वाचणाऱ्या भिंगाच्या कडेला काळी माती चिकटली होती. बोट लावलं तर ओली. बाहेर तर उन्हाने भिंती तडकत होत्या.

"काका, यात चकती नाही," तो म्हणाला.

रेवणप्पा पाण्याचा तांब्या घेऊन दारात आले होते. "आसं कसं? मी रोज बगतोय की!"

"आधीचं काहीतरी मशीनमध्ये राहिलं असेल. होतं असं कधी कधी." आपण हे त्यांना सांगतोय की स्वतःला, ते दिग्विजयला कळलं नाही. त्याने माती पुसली, भिंग स्वच्छ केलं आणि ट्रे आत ढकलला.

घुरघुर सुरू झाली. आता थरथर नव्हती. पडद्यावर मांडव आला, पानांची पंगत आली, आणि पानावर बसलेला एक तरणा पोरगा. कपाळावर विभूतीचे पट्टे. तो हसला आणि समोर बघून म्हणाला, "बा अव्वा, ऊटा माडु."

ये आई, जेव. एवढं कानडी सोलापुरात कुणालाही कळतं.

सुंदरम्मांचे ओठ हलू लागले. रिकाम्या तोंडाने त्या सावकाश, समाधानाने चावत होत्या. घास गिळताना त्यांचा सुकलेला गळा वरखाली झाला.

"बंद करा..." रेवणप्पा पुटपुटले. "पाया पडतो तुमच्या, बंद करा ते."

दिग्विजयने चार्जर ओढून काढला. पडदा विझला. लॅपटॉप उलटा करून त्याने खालचा स्क्रू सोडवला आणि अख्खा ड्राइव्हच बाहेर ओढला. ना वायर, ना वीज. तरीही तो पातळसा डबा त्याच्या तळहातावर फिरतच होता. गरम, धपापणारा, हातात धरलेल्या पाखरासारखा.

"सुंदरे, ती चकती कुटं हाय?" रेवणप्पांचा आवाज फाटला.

म्हातारी शांतपणे म्हणाली, "त्याच्यापाशीच की. मातीत समाधीला बसवलं तवा मीच ठेवली त्याच्या मांडीवर. तुमी रडत हुता, तुमाला दिसलं न्हाय."

तळहातावरची ती घुरघुर तेवढी खोलीभर ऐकू येत होती.

मग रेवणप्पांनी ड्राइव्ह त्याच्या हातातून हिसकावला, मागच्या अंगणात नेला आणि धुण्याच्या दगडावर ठेवून बत्त्याने ठेचला. पत्रा चेपला, भिंग फुटलं, आवाज थांबला. म्हातारा तिथेच मटकन बसला आणि पोराचं नाव घेत हुंदके देऊ लागला. एकदा पुरलेल्याला त्यांनी पुन्हा पुरलं होतं.

सुंदरम्मा दारात उभ्या राहून बघत होत्या. डोळ्यांत पाणी नव्हतं. त्यांनी दिग्विजयकडे बघितलं, खूप वेळ बघितलं.

"आता तो कशावर यील?" त्यांनी विचारलं. गाडीचं वेळापत्रक विचारावं तसं, सहज.

दिग्विजयने हत्यारं पिशवीत कोंबली. पैशाचं नावही न काढता तो बाहेर पडला. वारा बंद होता. अक्कलकोट नाक्यावरची गर्दी, उसाच्या रसाच्या गुऱ्हाळाचा खुळखुळाट, रिक्षांचे हॉर्न, सगळं नेहमीचं होतं आणि त्याला ते हवंहवंसं वाटलं. स्कूटर मात्र आज जड चालत होती. टायरमधली हवा गेली असेल, असं म्हणून तो दोनदा थांबला. टायर टणक होते.

घराखाली पोचतो तोच फोन वाजला. रेवणप्पा होते. आवाजात किती दिवसांनी जीव आला होता.

"जेवली हो ती! आत्ता भाकरी खाल्ली, पाणी प्याली आन् झोपली. घर कसं शांत हाय बघा. तुमचं लई भलं हुईल."

दिग्विजयला हायसं वाटलं. तो जिने चढून वर आला. त्याची बायको वैजयंती गॅलरीत वाळलेले कपडे काढत होती. तिने वळून बघितलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"अहो, त्यांना खालीच काय उभं केलंत? वर बोलवा की."

"कुणाला?"

"तुमच्या मागं बसून आले ते. एवढ्या उकाड्यातनं आलेत बिचारे, पाणी तरी विचारायचं."

कठडा धरून त्याने खाली वाकून बघितलं. दिव्यांचा मळका उजेड अंगणात पडला होता. तिथे कुणीच नव्हतं. स्कूटर एकटीच उभी होती.

मागे बसणाऱ्याने पाय ठेवायचे दोन्ही दांडे मात्र उघडलेले होते.