धोंडाबाईंचे पंधरा शब्द

माले गावच्या रस्त्यावर मेंढ्यांनी गौतमीची स्कूटर अडवली, त्याला दीड वर्ष झालं. मल्हार घोंगडी पांघरून मधोमध उभा होता आणि हटायचं नाव घेत नव्हता.

"मोजून झाल्या की सोडाल का रस्ता?"

"मोजत न्हाई आमी. तोंडावरनं वळखतो," तो हसला. "तुमचं बी ध्यानात ऱ्हाईल आता."

गौतमी पुण्याजवळच्या बावधनची, एका संशोधन संस्थेत नोकरीला. वयानुसार स्मरणशक्ती कशी बदलते याच्या अभ्यासासाठी ती दर सहा महिन्यांनी गावातल्या म्हाताऱ्यांकडे यायची. पंधरा शब्द वाचून दाखवायचे, वीस मिनिटं इकडच्यातिकडच्या गप्पा मारायच्या, मग आठवतील तेवढे विचारायचे. सलग दोनदा फार कमी आठवले, तर अभ्यासातून नाव काढून डॉक्टरकडे पाठवायचं. मल्हारची आई धोंडाबाई नेमकी तिच्याच वाट्याला आली. मग काय, त्या वीस मिनिटांत मल्हार चहा घेऊन ओट्यावर टेकायचा, आणि गौतमीला वीस मिनिटं फारच थोडी वाटायची.

आज चौथी भेट. सकाळपासून धुकं हललं नव्हतं, वर पावसाची बुरबुर. आधी तिन्ही वेळा एकच यादी होती, संस्थेनं या वेळी शब्द बदलले होते. नवे शब्द वाचून झाले, चहा झाला.

"मावशी, काय काय आठवतंय?"

धोंडाबाईंनी डोळे मिटले. "पाटी, नदी, टोपी, चुना, बदक..." जुनीच यादी. पंधराच्या पंधरा शब्द, ओळीनं. मल्हारनं मान खाली घातली.

गौतमी त्याला घेऊन अंगणात आली. "पाठ करून घेतलीत?"

"व्हय. तुमी वाचताना आयकून माज्या ध्यानात ऱ्हायली हुती. दुसऱ्या येळंला तिला तीनच आठवलं हुतं. आनखी एकदा चुकली असती तर नाव निघालं असतं. मग तुमी... कशाला आला असता हितं?"

"सहा महिने गेले, मल्हार. तेव्हाच औषध सुरू झालं असतं."

"म्हाईत हाय. आता कदी कदी मला तिचा भाऊ समजती."

तिला त्याच्यावर खूप रागवायचं होतं, पण दोष एकट्या त्याचा नव्हता.

"मागच्या वेळीही त्यांनी सगळे ओळीनं सांगितले," ती हळूच म्हणाली. "असं कुणालाच आठवत नाही, शब्द मागेपुढे होतात. मला तेव्हाच कळलं होतं... मी लिहिलं नाही."

"का?"

"तुम्ही सांगितलंत ना — त्याच कारणासाठी."

दीड वर्ष दोघं ज्या बोलण्याची वाट बघत होती, ते असं झालं. कुणालाच हसू आलं नाही. तिनं कागद काढला, धोंडाबाईंचं नाव खोडलं आणि खाली स्वतःची चूक लिहिली. नोकरी जाईल, हे तिला ठाऊक होतं.

"उद्या नऊला त्यांना पुण्यात घेऊन या. मी डॉक्टरांशी बोलते."

"आनी त्येच्यानंतर?"

"त्यानंतर... कागद न घेता येईन."

धोंडाबाई दारात आल्या होत्या. "मल्हार, ही पोरगी कोन रं?"

गौतमीनं पुढं होऊन त्यांचा गार हात हातात घेतला.

"मी गौतमी, मावशी. मला यायला उशीर झाला."