गिझरच्या पाइपवरचे ठोके

खोटं वाटलं तर सोडून द्या, मला कुणाला पटवायचं नाही. पण हे मी माझ्या कानांनी ऐकलंय.

रात्रबित्र नव्हती. रविवारची लख्ख दुपार. वहिनींच्या घराचा माळा.

दादा जाऊन वर्ष होत आलं होतं. आम्ही दोघे भाऊ प्लंबर. वहिनींचा गिझर गळायला लागला, म्हणून मी नवा बसवत होतो. त्या बाजारात गेल्या होत्या. घरात मी एकटाच.

नव्या गिझरचा पाइप तांब्याचा. खाली बाथरूममध्ये उतरणारा जुना, लोखंडी. या दोघांचं पटत नाही. थेट जोडले की लोखंड सडायला लागतं. मध्ये पितळेचा तुकडा लागतो. दादा त्याशिवाय जोड द्यायचाच नाही.

माझ्याकडे तुकडा नव्हता. म्हटलं, मरू दे, नंतर बघू. दिला थेट जोडून.

पाणी सोडलं.

ठक ठक...

खालून. पाइपवरच.

माझ्या हाताने आपोआप कॉक बंद केला. सवयच तशी. एक भाऊ माळ्यावर, एक खाली. ओरडून घसा कोण फोडणार? म्हणून आम्ही पान्याने पाइपवर ठोकायचो. दोन ठोके म्हणजे बंद कर.

मग लक्षात आलं... खाली आहे कोण?

उतरलो. बाथरूम रिकामं. बाहेरच्या दाराला मी आतून घातलेली कडी तशीच.

"पाइप तापला असेल, गाढवा," मी स्वतःलाच म्हणालो.

पण गिझर अजून चालूच केला नव्हता...

वर जाऊन पुन्हा पाणी सोडलं.

ठक ठक...

या वेळी जोरात. दादा चिडला की ठोकायचा, तसं.

माझी पाचावर धारण बसली. पाणी बंद करून जोड सोडवायला घेतला, तर लोखंडी पाइप हातातच तुटला. आतून पार कुजलेला. बरोबर त्याच्याखाली वहिनी आंघोळीला बसतात. कढत पाणी त्यांच्या अंगावर आलं असतं.

कुजका भाग कापला. दुकानातून पितळेचा तुकडा आणून जोड दिला. पाणी सोडलं. काही वाजलं नाही. मनातल्या मनात दादाचे पाय धरले. रडूही आलं.

संध्याकाळी वहिनींनी चहा पुढे ठेवला.

"भावोजी, आता पाइप वाजायचा थांबेल ना?"

"कधी वाजतो?"

"रोज, मी आंघोळीला गेले की. तीनदा. ह्यांचीच आठवण येते बघा. मग मीही मगाने एकदा ठोकते. तेवढंच बरं वाटतं."

मी कप खाली ठेवला.

आमच्यात तीन ठोके म्हणजे, इकडे ये.

आणि एक म्हणजे... येतो.

"वहिनी, तुम्ही परत ठोकू नका."

"का हो?"

अजून सांगितलेलं नाही. त्यांच्या आंघोळीच्या वेळेनंतर रोज फोन करतो, गरम पाणी नीट येतंय ना, असं विचारायला. त्या फोन उचलेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो.