चाकं टेकल्यावर

फ्लायओव्हरच्या जोडावरून पुढची चाकं गेली आणि जीप पिसाळली.

स्टिअरिंग रुतिकाच्या हातात असं काही गदागदा हलायला लागलं, की तिचे दात एकमेकांवर आपटले. अशा वेळी ब्रेक मारायचा नाही, नुसता ॲक्सिलरेटरवरून पाय उचलायचा, हे एव्हाना तिला अनुभवानं कळलं होतं. गाडी मंदावली, थरथर थांबली, आणि तळोज्याच्या त्या धुरकट रस्त्याच्या कडेला, उसाच्या रसाच्या गाड्यापाशी तिनं इंजिन बंद केलं. मग कपाळ स्टिअरिंगवर टेकवलं. कंपनीत ओळीनं दुसरी पाळी करून ती निघाली होती. रडू आलं असतं तर बरं झालं असतं… पण तेवढंही त्राण उरलं नव्हतं.

“ब्रेक नाय मारलात ते बरं केलंत.”

तिनं मान वर केली. रसाचा ग्लास हातात धरून एक तरुण उभा होता. शर्टावर ग्रीस, डोळ्यांखाली तिच्यासारखीच काळी वर्तुळं. देखणा म्हणावा असा काही नव्हता. पण दमलेलं माणूस दमलेल्या माणसाला लगेच ओळखतं.

“सवय झालीय,” ती म्हणाली. “स्टिअरिंगचे तीन स्टॅबिलायझर बदलले. आता सगळ्यात जाड कुठला मिळतो ते सांगा. टाकते आणि सुटते.”

“आनि तोपन नाय चालला तर?”

“तर विकून टाकीन! कटाळा आलाय मला या गाडीचा!”

“कटाळा?” तो हसला. “म्हंजे आपल्यातल्याच तुमी.”

रुतिका ओशाळली. कंपनीत ती अगदी जपून, शुद्ध बोलायची. दमली की मात्र घरची बोली आपोआप तोंडात यायची.

तो मितेश. मागच्याच गल्लीत त्याचं गॅरेज होतं. डोंगरात, ओढ्यांतून गाड्या घालणारे हौशी लोक त्याच्याकडे जीप दुरुस्तीला आणत.

रुतिकाची जीप हौसेची नव्हती. ती तिच्या वडिलांची, तुळशीरामांची. दर चैत्रात ते बायकोला शेजारच्या सीटवर बसवून कार्ल्याला एकवीरेच्या जत्रेला न्यायचे. ते गेल्यापासून जीप खारघरच्या सोसायटीत धूळ खात पडली होती. आई, पुतळाबाई, यंदा स्पष्टच म्हणाली होती, “या चैतात मला हिच्यातून एकवीरा आईच्या पायाशी नेलंस तर ठेव. नायतर इकून टाक. मला ती तशी उभी बघवत नाय.” तेव्हापासून रुतिका ती कंपनीत ने-आण करून चालती करू बघत होती.

मितेशनं जीप गॅरेजमध्ये घेतली आणि तिला ड्रायव्हरच्या सीटवर बसायला सांगितलं.

“मी कशाला?”

“हे काम एकट्याचं नाय. एकानं वरून स्टिअरिंग हलवायचं, एकानं खालून एकेका सांध्याला हात लावून बघायचं. डोळ्यांना दिसत नाय, हाताला कळतं.” बोलता बोलता तो जीपखाली सरकलासुद्धा. “हा… डावीकडं. थोडंच. आता उजवीकडं. हळू… घाई नाय आपल्याला.”

तिला तो दिसत नव्हता. पायांखालच्या पत्र्याखालून फक्त आवाज येत होता, शांत, थोडा पेंगुळलेला. कित्येक महिन्यांत तिला कुणी ‘घाई नाही’ म्हटलं नव्हतं.

“स्टॅबिलायझर काय करतो ठाव हाय?” आवाज म्हणाला. “दगड-खड्ड्याचा झटका खातो. ढिलाई नाय काढत, नुसती लपवतो. तुमी दर वेळी जास्त जाड टाकलात आनि खाली ढिलाई वाढतच गेली.”

“मला वाटलं, सगळं ठीक झालं.”

“सगळं ठीक हाय असं सारखं सांगता काय तुमी?”

“हो,” ती म्हणाली, आणि आपण खरं बोललो याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

“मिळालं!” तो एकदम ओरडला. “पॅनहार्ड रॉड. पुढचा ॲक्सल जागेवर धरून ठेवनारा हा आडवा दांडा. त्याच्या सांध्यातलं रबराचं बुश फाटलंय.”

“पण ते नवीनच टाकलं होतं!”

“टाकलं असंल. पन गाडी जॅकवर अधांतरी असताना बोल्ट आवळला. बुश पिळलेलंच बसलं, गाडी खाली आली तशी फाटत गेलं. चाकं जमिनीवर टेकल्यावर आवळायचा असतो हा बोल्ट.”

वडील गेले तेव्हा वर्षाच्या आत लग्न उरकायला हवं, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागेल, म्हणून नातेवाइकांनी धावपळीत रुतिकाचा साखरपुडा केला होता. बापाचं दुःख अजून अधांतरीच होतं, आणि सगळ्यांनी मिळून तिला आवळून टाकलं. पुढे काही महिन्यांतच ते ठरलेलं लग्न मोडलं. चूक आपलीच, असं ती आजवर धरून चालली होती.

हे सगळं तिनं जीपच्या पत्र्याला सांगितलं. समोर माणूस असता तर जमलं नसतं.

खालून आवाज आला, “चुकलं आवळनाऱ्याचं. बुशाचं काय चुकलं?”

नवं बुश बसलं. चाकं टेकवून बोल्ट आवळला. मग मितेशनं तो जाडजूड स्टॅबिलायझर काढून चक्क कोपऱ्यात ठेवला.

“आता ह्याच्याबिगर चालवा. मी बसतो शेजारी.”

“वेडा आहेस का? मरू दोघं!”

“तुमी चालवत असाल तर चालंल,” तो म्हणाला, आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल होऊन खिडकीबाहेर बघायला लागला.

ती फ्लायओव्हरवर चढली. जोड जवळ आला… चाकं धडधडून पलीकडे गेली… आणि स्टिअरिंग तिच्या हातात शहाण्यासारखं सरळ राहिलं. तिनं श्वास सोडला. शेजारूनही कुणीतरी सोडला.

नंतर त्यानं एक साधा, तेलाचा, हलका स्टॅबिलायझर बसवला. “रुंद टायरना खड्ड्यापुरता आधार. बास. आठवड्यानं या, बोल्ट परत बघायला लागंल.”

ती आठवड्यानं गेली. त्यानं बोल्ट बघितला, चहा पाजला आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावलं. ती पुन्हा गेली. पाळीवरून थकून जायची, पाच मिनिटांच्या कामाला तास लागायचा, आणि परतताना अंग हलकं वाटायचं. जत्रेच्या आदल्या संध्याकाळी ती पुन्हा त्याच सीटवर बसली आणि तो खाली सरकला.

“मितेश… हा बोल्ट एकदाच बघायचा असतो. मीपण इंजिनियर हाय.”

खालची खुडबुड थांबली.

“मंग येता कशाला?”

“तू बोलावतोस म्हणून.” ती खाली वाकली. “बाहेर ये ना.”

“नको. हितूनच सांगतो. बाहेर आलो तर जमनार नाय.” पान्हा जमिनीवर टेकल्याचा आवाज आला. “मला तुमी आवडता. लय. पन तुमाला कुनी परत घाईनं आवळलेलं मला नाय चालनार. माझ्याकडूनपन. तुमी सांगाल तेवढं थांबीन.”

रुतिकाचे डोळे भरून आले. त्याचा हात सांध्यावर आहे हे तिला ठाऊक होतं. तिनं स्टिअरिंग हलकेच डावीकडे नेलं, मग उजवीकडे.

“कळलं?” तिनं विचारलं.

“कळलं,” पत्र्याखालून आवाज आला.

सकाळी पुतळाबाई हिरवं लुगडं नेसून, ओटीचं ताट घेऊन खाली आल्या. जीपपाशी क्षणभर थांबल्या, बॉनेटवरून हात फिरवला. मग पुढचं दार सोडून मागचं उघडलं आणि चढून बसल्या.

“आई, पुढं बस ना. तुझी जागा आहे.”

“माझी होती.” पुतळाबाईंनी ताट मांडीवर नीट ठेवलं. “दर आठवड्याला बोल्ट आवळायला जातेस ना तू? मंग त्याला काय हितं चालत येयला सांगतेस?”

रुतिकानं आरशातून आईकडे पाहिलं. आई खिडकीबाहेर बघत होती, आणि हसत होती.

कार्ल्याचा रस्ता पनवेलकडून होता. रुतिकानं गाडी आधी तळोज्याच्या गॅरेजकडे वळवली.